डाव्या डोळ्याचं काम

उजव्या डोळ्यावर तळहात धरून सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "वरून खाली तिरकी गर्दी उतरतेय. मोर्चा निघाल्यासारखी."

सून खुर्चीवर चढली. एकाच चित्राच्या प्रती तिने भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या: उलट्या छत्र्या, उलट्या कपबश्या, मधेमधे पानं. वटवाघळाच्या घराचा हा कागद. खेळण्यांच्या कारखान्यात प्राण्यांची लाकडी घरं बनत, त्यांच्या आतल्या भिंतींची नक्षी ती घरी बसून काढायची. साळिंदराकडे तिने कधी फुगे काढले नाहीत. घुबडाला मात्र आवर्जून ऊन दिलं, बिचाऱ्याला एरवी कुठलं दिसायला. या कागदाचा पहिला नमुना छपाई उलटी झाली म्हणून कारखान्याने परत पाठवला होता. राहणाऱ्याच्या बाजूने बघा, असं तिला फोनवर समजावावं लागलं.

चित्र सुचणं जड नव्हतं. जड होतं ते पुन्हा पुन्हा येणं. चित्राचा चौकोन कितीही देखणा असो, शेजारी शेजारी लावला की एखादं गडद पान जागोजागी डोकं वर काढतं आणि भिंतभर नको तो पट्टा उमटतो. प्रत्येक पान स्वतः काढलेलं, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघूनही तिची नजर पानातच अडकायची. मोतीबिंदूमुळे सासूबाईंना पान, कपबशी काही कळत नसे, फक्त फिकं आणि गडद. पट्टा त्यांनाच आधी दिसे. नवरा म्हणायचा, एकीला फार दिसतं, एकीला काहीच नाही, धंदा जोरात चालणार.

मागे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाईंनी जुने कागद मागून घेतले आणि नाकाशी धरून पाहिले. एका कागदावरची खार जांभई देतेय, हे त्यांना तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती त्यांच्या लेखी एक ठिपका होती. पट्टा शोधायला मात्र त्या आता उजवा डोळा झाकून घेत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्या टाळत होत्या. आधी सर्दी निघाली, मग शेजारणीचं दुखणं. मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उद्याची वेळ घेतलीय, हे सुनेने खुर्चीवरूनच सांगितलं.

"एक डोळा पुरे की मला," सासूबाई म्हणाल्या. "हा राहू दे तुझ्या कामाला."

"कामाचं मी बघेन, आई."

"तू बघशील गं. मग मी काय करू? भाजी काय, कुणीही निवडतं."

सून खाली उतरली. तिने डिंकाची बोटं पुसली.

"डोळा तुमचा आहे, कारखान्याचा नाही," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघू."

ऑपरेशन सुरळीत झालं. पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला. तोवर चिचुंद्रीच्या घराचा कागद तयार झाला होता, त्यावर लहानमोठ्या भूछत्र्या. सुनेने डोळे किलकिले करून पाहिलं, प्रती उलट्या लावून पाहिल्या, फोटो काढून तो लहान करून पाहिला. पट्टा नव्हता. तरी तिने हाक मारली.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. हात सवयीने वर गेला, एका डोळ्यापाशी घुटमळला, दुसऱ्यापाशी गेला आणि खाली आला. बराच वेळ त्या पाहत होत्या. मग त्यांनी खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"तिथे जरा गर्दी वाटतेय."

सुनेने पाहिलं. गर्दी नव्हती. उलट सगळ्या भिंतीत तोच भाग सर्वांत नीट जमला होता. तिने मान वळवली, तर सासूबाई भिंतीकडे नाही, तिच्याकडे पाहत होत्या.

तिने खोडरबर घेतलं आणि मूळ चित्रातली एक भूछत्री बोटभर बाजूला सरकवली. ती सरकली म्हणून कडेचे सांधे पुन्हा जुळवावे लागले, त्यात संध्याकाळ झाली. नव्या प्रती भिंतीवर लावून ती बाजूला झाली.

"आता?"

सासूबाईंनी घाई केली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी भिंत पाहून घेतली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पाठव."