पेटीत पडलेली चाल

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. मित्रांनो, पट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घड्याळ दाबत समोरासमोर बसलेले दोन खेळाडू येतील. माझ्यासमोर असे दोघे कधीच बसले नाहीत. माझ्यासमोर जन्मभर एकच माणूस बसला. दुसरा खेळाडू नेहमी टपालाने यायचा, पोस्टकार्डावर चार आकडे होऊन.

मला एका छापखान्याच्या सुताराने घडवलं. छपाईचे खिळे ठेवायच्या मोडक्या खणांचं लाकूड पडून होतं, त्यातून त्याने माझी चौसष्ट घरं कापली आणि फुरसतीने बसवली. कडेला दोन्ही अंगांनी एक ते आठ आकडे रंगवले. हे आकडे माझ्या मालकांनी सांगून करून घेतले होते. मालक त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणले, की घरी येऊन माझ्यापुढे बसायचे. शाईचा वास त्यांच्या बोटांना होता आणि माझ्या लाकडालाही होता, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

त्या काळी आपल्या देशात टपालाने बुद्धिबळ खेळणारे लोक विखुरलेले होते. कोणी खाणीवर, कोणी धरणावर, कोणी आडबाजूच्या शाळेत. एका मासिकाच्या मागच्या पानावर मालकांनी दोन ओळींचं निवेदन दिलं आणि अकरा पत्रं आली. त्या अकरा जणांची मंडळी म्हणजे आपल्या देशाची पहिली टपाल बुद्धिबळ संघटना. मालक चिटणीस झाले, कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं आणि नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

मग नियम झाले. प्रत्येक घराला दोन आकडे. कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो असे मिळून चार. दहा चालींना तीस दिवस. तारीख मानायची ती पोस्टाच्या शिक्क्याची. सातवा नियम मालकांनी स्वतः लिहिला: टपालपेटीत पडलेली चाल बदलता येणार नाही. 

चार आकडे लिहिलेली कार्डं देशभर फिरू लागली तेव्हा पोस्टातल्या कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकली. साध्या कपड्यांतला एक अधिकारी घरी आला. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, चहा घेतला, दोन तास शंका विचारल्या, आणि पुढच्या वर्षी वर्गणी भरून सभासद झाला. खेळायचा मात्र फारच वाईट.

आमच्या घरात माझा मोठा थाट होता. मी नोंदीचा पट. माझ्यावर फक्त खरी स्थिती मांडायची. विचार करायला, सोंगट्या हलवून पाहायला खुंट्यांचा एक छोटा पट वेगळा होता. मला कोणी फडक्याने पुसायचंही नाही. धूळ झाली तर मालक स्वतः रंगाच्या बारीक कुंचल्याने घर न् घर झटकायचे.

आणि एक रीत होती. छापखान्यात एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो आणि दुसरा मुद्रितावर डोळा ठेवतो. मालकांनी तीच रीत घरी आणली. कार्ड पेटीत टाकण्याआधी मालकीणबाई वहीतल्या चाली पहिल्यापासून वाचायच्या आणि मालक बोट ठेवत माझ्यावरची स्थिती ताडून पाहायचे. बाईंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सत्तावीस वर्षांत एकही कार्ड चुकीचं गेलं नाही ते त्यांच्यामुळे. याला घरात 'वाचन' म्हणायचे. दहा मिनिटांचं काम.

भरभराटीच्या काळात सहाशे चाळीस सभासद होते. पोस्टाचा संप झाला तेव्हा एकोणचाळीस दिवस देशातले सगळे डाव जिथल्या तिथे थांबले, आणि संप मिटल्यावर पोस्टमनने पोतंभर कार्डं आणून ओसरीवर ओतली. परदेशातल्या संघांशी सामने झाले. एका शाळामास्तरांनी चुकून दुसऱ्याच डावाची चाल पाठवली आणि मागोमाग तार केली, 'कार्ड रद्द समजावे.' मालकांनी सातव्या नियमावर बोट ठेवलं. मास्तर डाव हरले, संघटना सोडून गेले आणि पुन्हा कधी खेळले नाहीत. मालकांना ते फार लागलं. पण नियम तो नियम, असं म्हणून त्यांनी ते कार्ड फायलीत लावलं.

राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. तीनदा दुसरे आले. दुसऱ्यांचे निकाल लिहिता लिहिता स्वतःच्या चालींना वेळ पुरायचा नाही.

पुढे संगणक आले. सभासद गळू लागले. जे राहिले त्यांच्यातल्या काहींच्या चाली एकाएकी बिनचूक येऊ लागल्या. मालकांनी अशी दोन-तीन कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि मान हलवली. "इतकं शुद्ध कोणी लिहीत नाही," ते म्हणाले. मग सभा झाली आणि ठरलं, की यंदाचं टपाल अजिंक्यपद शेवटचं. त्यानंतर जे काय व्हायचं ते पडद्यावर.

तेव्हा मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मालकीणबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटच्या स्पर्धेत सगळे डाव संपले, एक उरला: मालक आणि खाणीवरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी खेळत होते, भेट एकदाही नव्हती. मालक जिंकले तर अजिंक्यपद त्यांचं. आणि मित्रांनो, मी सांगतो, ते जिंकत होते. माझ्यावरची स्थिती नवशिक्यालाही कळेल इतकी चांगली होती. आयुष्यात एकदा तरी स्वतःचं नाव त्या यादीत स्वतःच्या हाताने लिहावं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

पण हात थरथरू लागले होते. छोट्या पटाच्या खुंट्या भोकांत बसेनात. शेवटी त्यांनी तो मिटून ठेवला आणि माझ्यावरच चाली हलवून पाहू लागले. विचार झाला की सोंगट्या पुन्हा जागच्या जागी. मला ते आवडलं नाही, पण माझं कोण ऐकणार?

त्या दिवशी दुपारी त्यांनी काळ्याचं कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. नर्सबाईंनी असं केलं तर, म्हणून. तेवढ्यात विजेचं मीटर बघणारा माणूस आला. त्याला वाट करून द्यायला मालक उठले, चपलांचं कपाट सरकवलं, परत आले. पांढऱ्या सोंगट्या जागेवर ठेवल्या. काळं प्यादं तसंच पुढे राहिलं. प्यादं तिरकं मारतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मूळ जागी ते एका घरावर नजर ठेवून होतं. पुढे सरकल्यावर ते घर मोकळं दिसू लागलं. मालकांनी ते घर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. वजीर तिथे नेला की डाव खलास. त्यांनी कार्डावर चार आकडे लिहिले: ४२७५.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण लाकडाला कुठला आवाज?

वाचन बाकी होतं. मालकीणबाईंच्या मागे ते मुलीकडे आलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करायची. दुपारच्या पाळीला निघायची तिची घाई चालली होती.

"दहा मिनिटं बसतेस का गं?" मालकांनी वही पुढे केली.

"आज राहू दे ना बाबा. अडीचला पोहोचायचंय, मोठे डॉक्टर आलेत आज. उद्या सकाळी वाचू, नक्की."

तिसावा दिवस होता. आजचा शिक्का पडायलाच हवा होता. मालक ते बोलले नाहीत.

"असू दे, असू दे. तू नीघ," ते म्हणाले.

"कार्ड द्या, जाता जाता टाकते." तिने कार्ड पर्समध्ये घातलं आणि गेली.

तीनच्या सुमाराला मालकांनी एकट्यानेच वही उघडली. स्वतःच वाचायचं, स्वतःच बोट ठेवायचं. तेराव्या चालीपाशी दोनदा अडखळले. शेवटाला आले तेव्हा त्यांचं बोट त्या काळ्या प्याद्यावर थांबलं. वहीत ते एक घर मागे होतं, म्हणजे वजीर फुकट जाणार होता. भिंग घेऊन त्यांनी पुन्हा पाहिलं.

कोपऱ्यावरची पेटी चारला उघडते. पोस्टमन चाळीस वर्षांच्या ओळखीचा. एका शब्दावर कार्ड हातात दिलं असतं. मालक उठले, सदरा चढवला, एक चप्पल घातली. दुसरी चप्पल हातात घेऊन ते खुर्चीवर बसले. माझ्याकडे नाही, फायलींच्या कपाटाकडे बघत होते. मास्तरांचं कार्ड तिथेच होतं. चारचे ठोके पडले तरी चप्पल हातातच होती.

आठवड्याने नर्सबाईंचं कार्ड आलं. त्यावर आकडे नव्हते. 'चिटणीससाहेब, तुमच्या पटावर काहीतरी गफलत झालेली दिसते. हे कार्ड मला मिळालंच नाही असं मी समजते. दुसरी चाल पाठवा. मला असं जिंकायचं नाही.' मालकांनी ते माझ्या कडेला टेकवून ठेवलं. दोन दिवस ते तसंच होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं: 'नियम सात. डाव सोडला. अभिनंदन.' नंतर शेवटच्या पत्रिकेसाठी अजिंक्यवीरांची यादी पुरी केली आणि नर्सबाईंचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"काय झालं हो बाबा तुमच्या डावाचं?" मुलीने जेवताना विचारलं.

"हरलो. चुकलं माझंच."

"जाऊ दे ना. खेळच तो." तिने त्यांना मायेने आणखी भात वाढला.

त्यानंतर त्यांनी माझ्यावर सोंगट्या मांडल्या नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. आज मी माळ्यावर, इस्त्रीच्या जुन्या टेबलाखाली आहे. एक पाय डुगडुगत होता, त्याला टेकू म्हणून मला लावलंय. परवा एक नातेवाईक वर माळ्यावर आले होते, त्यांना मुलगी सांगत होती, "बाबांना शेवटी शेवटी काही सुचायचं नाही हो. जिंकलेला डाव हरले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची चूक नाही आणि तिला काही माहीतही नाही. माहीत आहे ते मला, आणि माझा काही उपयोग नाही.

मित्रांनो, मला माळ्यावरून काढा, पुसा, असं मी म्हणत नाही. माझं जे व्हायचं ते झालं. मागणं आहे ते दुसरंच. घरातलं कोणी वही पुढे करून दहा मिनिटं बसायला सांगेल. तुम्हाला काम असेल, ते खरंही असेल. उठून जा, पण जाण्याआधी एकदा विचारा, "उद्या चालेल ना?" तिने एवढं विचारलं असतं तर मालकांनी खरं ते सांगितलं असतं. ते खोटं कधीच बोलत नसत. विचारल्याशिवाय सांगत नसत, एवढंच.