तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

आई गेली आणि तिला कोणत्या रस्त्याने न्यायचं हेच आम्हाला कळेना.

आमच्या अंगणातून बाहेर पडलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावा टेकडी चढून पाइनच्या रानातून दगडी चर्चकडे जातो. तिथे बाबा आहेत, आजी-आजोबा आहेत, माझा नवराही आहे. उजवा दारूच्या गुत्त्यावरून रशियन पाद्र्याच्या चर्चकडे जातो. चर्च कसलं, जुनं गवताचं कोठार ते, वर लाकडी क्रूस ठोकलाय इतकंच. त्याच्या मागे नवी दफनभूमी, म्हणजे उघडंबोडकं शेत. तिथे आमचं कोणीही नाही.

आईने शेवटच्या दिवसांत एकच धोशा लावला होता. "टीओ, मला तुझ्या बाबांशेजारी ठेवा गं. आणि झाडावर क्रूस कोरायला विसरू नका. नाहीतर मी येत राहीन परत, मग माझ्या नावाने बोंबलू नका."

आमच्याकडे प्रेत घेऊन निघालेली माणसं रानापाशी थांबतात. घरातला कर्ता पुरुष सुरीने झाडाच्या सालीत क्रूस कोरतो, सगळे एकेक घोट दारू घेतात आणि मगच पुढे जातात. मेलेलं माणूस घराच्या ओढीने परत निघालं तरी त्या क्रुसापाशी येऊन थांबतं, तिथून पुढे त्याला येता येत नाही. बाबांचा क्रूस आमच्या पाइनवर आहे. रानात गेले की मी त्याच्यावरून हात फिरवते.

म्हणजे डाव्या रस्त्याने न्यायचं, त्यात विचारायचं काय? पण आई आता झारच्या, म्हणजे त्या रशियन पाद्र्याच्या धर्माची होती. आणि त्याला कारण माझा धाकटा भाऊ, तान्निल.

दोन वर्षांपूर्वी बार्ली शेतातच काळी पडली. भाकरीत भुसा घालून खाल्ला आम्ही. तेव्हा आमच्या लिव्होनिया प्रांतभर एक बातमी पसरली. कोणी आणली, कुठून आणली, देव जाणे. जो झारच्या धर्मात जाईल त्याला माणशी जमिनीचा तुकडा मिळणार. मिळणार कुठे? कोणी म्हणे इथेच, जर्मन जहागीरदाराची काढून. कोणी म्हणे दूर दक्षिणेत, जिथे बर्फच पडत नाही. जहागीरदाराच्या शेतात राबून राबून आमच्या पाठी वाकल्या होत्या आणि स्वतःचं म्हणावं असं ढेकूळसुद्धा नव्हतं. अशा वेळी माणूस काय विचार करणार?

तान्निल एका सकाळी जोडे तेल लावून चकचकीत करून उभा राहिला. "ताई, येतेस का? झारच्या धर्माचं तेल लावून घ्यायला जातोय. माणशी तुकडा आहे म्हणे."

"नाही बाबा," मी म्हटलं.

आणि हा गाढव खरंच निघून गेला! अरे, पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' कोण म्हणतं? आमच्याकडे जेवायला बसा म्हटलं तर माणूस म्हणतं, नको. दुसऱ्यांदा म्हटलं तर म्हणतं, नको हो, आत्ताच खाऊन आलो. तिसऱ्यांदा म्हटलं की चमचा उचलतं. पहिल्याच हाकेला बसणारा आमच्या गावात हावरट ठरतो, त्याच्या पोरीला स्थळ येत नाही. मला दोनदा आणखी विचारलं असतं तर मीही गेले असते. मी रागाने दिवसभर कोणाशी बोलले नाही.

त्याने आईला मात्र बरोबर नेलं. आईचा विचार सरळ होता. "एक जीव जास्त, तर एक तुकडा जास्त. म्हातारीचा तरी काही उपयोग होऊ दे."

परत आली तेव्हा तिच्या कपाळाला, कानांना, हातापायांना पवित्र तेल लावलेलं होतं आणि गळ्यात दोऱ्यात ओवलेला पितळी क्रूस. ते तेल धुवायचं की नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तशाच तेलकट हातांनी ती गायीचं दूध काढायला बसली आणि गायीने लाथ मारून बादली उलटी केली. नावही नवं दिलं होतं, येकातेरिना. कोत्रे म्हणून साठ वर्षं जगलेली बाई! नव्या चर्चमध्ये बसायला बाक नाहीत, ऑर्गन नाही, सगळा वेळ उभंच राहायचं. ती उभी राहायची आणि हळूच आपली जुनीच जर्मन चालीची स्तोत्रं गुणगुणायची. शेजारची एवा तिला म्हणायची, "कोत्रे, तू नक्की कोणाची गं आता?" आई म्हणायची, "जमीन मिळाली की कळेल."

जमीन मिळाली नाही. जहागीरदाराचा कारभारी तान्निलला बघून खिदळायचा, "काय रे झारच्या जावया, शेत पेरून झालं का?" शेवटी तान्निल रशियन पाद्र्याकडे गेला. पाद्री बिचारा दमलेला, तरणा माणूस. आमची भाषा त्याला येत नाही, सगळं दुभाष्यातर्फे. तो म्हणाला, "मी तुम्हाला तेल लावायच्या आधीच विचारलं होतं. जमिनीसाठी, धान्यासाठी, कसल्याही लाभासाठी आलात का? तुम्ही सगळे म्हणालात, नाही, आम्हाला काही नको."

"म्हणजे?" तान्निल घरी येऊन भिंतीकडे बघत म्हणाला. "नको तर म्हणणारच ना आम्ही? एकदाच विचारलं त्याने!"

पूर्ण कोठारभर माणसं शहाण्यासारखी 'नको' म्हणाली होती आणि दोन वर्षं दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली होती.

आता परत फिरायलाही बंदी. झारच्या धर्मात गेलेल्याला बाहेर पडता येत नाही, तसा कायदाच आहे.

आई गेली त्याच दिवशी दुपारी मी दगडी चर्चच्या जर्मन पाद्र्याकडे गेले. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "ये टीओ, कॉफी घे." नको, म्हटलं. "अगं घे." नको बाई, कशाला. "घे म्हणते ना." घेतली. पिढ्यान् पिढ्या इथे राहून त्यांना आमची रीत बरोबर ठाऊक झाली आहे.

पाद्री आत आला, पण बसला नाही. "तुझी आई चांगली बाई होती. पण मला तिला पुरता येणार नाही. ती आता माझी नाही. शेजारच्या गावातल्या पाद्र्याने असंच एक पोर पुरलं, तर त्याला जाब द्यायला शहरात बोलावलंय."

"फक्त कडेला, साहेब. बाबांच्या पायाशी. प्रार्थनासुद्धा नका म्हणू."

"नाही, टीओ."

"तुमच्याच वडिलांनी तिला लहानपणी धर्माचे धडे दिले ना? तिचं लग्नही त्यांनीच लावलं."

"नाही." हे तिसऱ्यांदा होतं, आणि तिसऱ्यांदा म्हटलेलं खरं असतं. मी कप खाली ठेवला आणि निघाले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याचं मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी घरात माणसं जमली. उकडलेले वाटाणे, खारवलेले मासे आणि बिअर मांडली होती, आणि आई मधल्या खोलीत फळीवर. वाद असा पेटला की तिलाही हसू आलं असतं.

तान्निल म्हणाला, "आधी डावीकडे नेऊ. पाइनवर बाबांच्या शेजारी क्रूस कोरू. मग गाडी वळवून उजवीकडे नेऊन पुरू. झालं!"

"झालं काय, मूर्खा?" एवा ओरडली. प्रेताचं सगळं एवाच बघते गावात. "क्रूस कोरल्यावर परत तिच्याच दारावरून नेणार? ती उतरेल की गाडीतून! चुलीपाशी जाऊन बसेल!"

"मग दलदलीवरून नेऊ. बर्फ आहे अजून."

"मार्च संपत आलाय. घोड्यासकट जाशील खाली. मग तिघांचे क्रूस कोरायचे का मी?"

"आणि पुरलेलं असेल उजवीकडे, अन् क्रूस डावीकडे," मी म्हटलं, "तर ती उजव्या रस्त्याने सरळ घरात येईल. तिला अडवणार कोण?"

यावर कोणीतरी वाटाणे खाऊ लागलं.

"नाहीतर असं," तान्निल हळूच म्हणाला, "झारच्या धर्माची मेलेली माणसं परत येतच नसतील."

"का? त्यांना घर आवडत नाही?" एवा म्हणाली.

खरं सांगते, कोणालाच काही माहीत नव्हतं. हे आमच्या आज्यांच्या काळी कधी घडलंच नव्हतं. मला आईची लाज वाटत होती, तान्निलचा राग येत होता आणि त्याचं तोंड बघून दयाही येत होती. तो सारखा आईच्या अंगावरची चादर सारखी करत होता, जिला एकही सुरकुती नव्हती.

शेवटी उजवीकडेच निघालो. घसरगाडी चिखल झालेल्या बर्फातून कुरकुरत चालली होती. तान्निलने सुरी बाहीत लपवली होती. वाटेत एखादं झाड मिळेल अशी आशा. पण त्या रस्त्याला झाड नाही. जहागीरदाराने सगळं तोडून कधीच विकलं होतं. गुत्त्याचा खांब लागला, तेव्हा तान्निलने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. आईला काय दारुड्यांच्या गराड्यात उभी करणार होता?

कोठाराच्या दाराशी मात्र एक बर्च होता. एकुलता एक. पाद्र्याने तो बहुधा सावलीसाठी ठेवला असावा. पण तो चर्चच्या आवारात, आणि आवार पाद्र्याचं. विचारल्याशिवाय हात कसा लावायचा?

विधी लांबला. धूप, मेणबत्त्या, रशियन गाणी. पाद्री सारखा येकातेरिना, येकातेरिना म्हणत होता, आणि तो कोणा भलत्याच बाईला पुरतोय असं मला वाटत राहिलं. एवा जुन्या सवयीने बाक शोधत होती. मग शेतात नेलं, माती ढकलली. पाद्री हात चोळत आमच्यापाशी आला. दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"विचारतायत," दुभाष्या म्हणाला, "तुम्हाला आणखी काही हवंय का?"

तान्निलने टोपी काढली. "नाही महाराज. काही नको."

पाद्र्याने मान हलवली. आणि वळला, जायला निघाला. दुसऱ्यांदा विचारायचं असतं हे त्याला कोण सांगणार?

मी तान्निलकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन वाट बघत उभा होता, तसाच, दोन वर्षांपूर्वी कोठारात उभा असेल तसा. त्याच्या बाहीतून सुरीचं टोक दिसत होतं. पाद्री दारापर्यंत पोचला.

"हवंय!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. एवाने तोंडावर हात ठेवला. इतकी निर्लज्ज बाई गावाने पाहिली नसेल. माझे कान लाल झाले, पण आता मागे कशी फिरणार?

"झाड हवंय," मी म्हटलं. "हे बर्चचं. त्याच्यावर आईचा क्रूस कोरायचाय. नाहीतर ती घरी येईल."

दुभाष्याने बराच वेळ समजावलं. पाद्र्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग गेल्या, मग पुन्हा पडल्या. शेवटी तो म्हणाला, "क्रूस कोरायला ना कोणाची असणार? कोरा." त्याला नक्की काय समजलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. तो स्वतः शेजारी येऊन उभा राहिला आणि बोटाने दाखवू लागला, त्यांच्या क्रुसाला असते तशी खाली एक तिरकी रेघ काढ म्हणून. तान्निलने माझ्याकडे पाहिलं. मी एवाकडे पाहिलं.

"काढ," एवा म्हणाली. "जास्तीची रेघ आहे, कमीची नाही."

सालीतून रस वाहू लागला. बर्चचा रस सुटायचे दिवसच होते ते. एवाने बोटाने तो पुसला, चाखला. "गोड आहे," ती म्हणाली. मग आम्ही सगळ्यांनी घोट घेतले. पाद्र्यालाही बाटली दिली. त्याने पहिल्याच वेळी घेतली.

परतताना गाडी हलकी झाली होती. तान्निल घोड्याच्या बाजूने पायीच चालत होता. आमच्या फाट्यापाशी तो थांबला. समोर डावा रस्ता रानाकडे चढत होता.

"ताई," तो म्हणाला, "नुसतं मागितलं तर देतात का गं हे?"

"आज दिलं."

"मग त्या दिवशी..." त्याने लगाम हाताभोवती गुंडाळला, सोडला. "त्या दिवशी मी 'हवीय' म्हणालो असतो तर? जमिनीसाठीच आलोय असं सरळ सांगितलं असतं तर? दिली असती का?"

मी विचार करत होते. आणि एकदम मला कळलं, इतक्या गोंधळात तेवढंच कळलं. हा 'हवीय' म्हणाला असता, तर पाद्र्याने त्याला तेलच लावलं नसतं. लाभासाठी आलेल्यांना परत पाठवायचा नियमच होता. दोघांना रिकाम्या हाताने घरी पाठवलं असतं आणि आज आई वर रानात, बाबांच्या शेजारी असती.

तान्निल माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सांग ना," तो म्हणाला. मग पुन्हा, "सांग ना गं."

त्याने तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी घोड्याला हाकललं.