मंगळवारचं पोहोचलं नाही

"मामा, तू लिहिणं कधी बंद केलंस रे?"

भाचीनं अगदी सहज विचारलं, फोनवरून नजर न काढता. भोंगानं गळ्याला लावायचं यंत्र उचललं, हनुवटीखाली दाबून धरलं आणि बटण दाबलं. सपाट, घरघरत्या आवाजात शब्द बाहेर पडले, "परवाच लिहिलंय. मंगळवारी."

"मग मला कसं दिसत नाही? मी काल रात्री जेवल्यावर माझ्या ब्लॉग वाचायच्या ॲपला तुझा ब्लॉग जोडून घेतला. शेवटचा लेख वर्षाहून जुना दाखवतोय."

"तुझा फोन मठ्ठ आहे," भोंगा म्हणाला.

आतल्या खोलीतून त्याची ताई ओरडली, "काय म्हणतोय गं तो? मला त्याचं ते गूं गूं काही कळत नाही. त्याला म्हणावं, पाटीवर लिही!"

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कान मंदावलेले. स्वरयंत्र गेलेला भाऊ आणि ऐकू न येणारी बहीण एका घरात राहतात, याच्यावर ती स्वतःच विनोद करायची. "आमच्याकडे भांडण म्हणून होत नाही," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

भोंगा हे नाव त्याला बसस्टँडवर मिळालं. सत्तावीस वर्षं तो तिथे अनाउन्सर होता. एका काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे, हे सगळं सांगायचा. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत जाईल. मग एक दिवस घसा बसला आणि उठलाच नाही. घशात कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. मानेला एक भोक राहिलं, त्यावर पातळ फडकं. श्वास तिथूनच.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष त्यानं भिंतीकडे तोंड करून काढलं. दुसऱ्या वर्षी भाचीनं त्याला ब्लॉग सुरू करून दिला. ती एका ग्रंथालयात संगणकाचं काम बघते. ब्लॉगचं नाव त्यानंच ठेवलं, 'भोंगा बंद आहे'. आंघोळ करताना भोकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं, फोन वाजला तर काय करायचं, दुकानदार आपल्याला बहिरा समजून मोठ्यानं बोलायला लागला तर हसू कसं आवरायचं, असलं सगळं तो लिहायचा. दर मंगळवारी, न चुकता. त्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. वाचणारे साठ-सत्तर होते. सगळे असेच, आवाज गेलेले किंवा जाणार असलेले. त्यांच्या प्रतिक्रिया यायच्या, मेल यायचे. मग ते हळूहळू थांबलं. भोंगानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की लोक बरे झाले आणि विसरले.

भाचीनं संगणक चालू केला. पाच-सात मिनिटं काहीतरी उघडून वाचत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"मामा, तुझं फीड तुटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ. तुझ्या ब्लॉगच्या मागे एक फाइल असते. तू नवा लेख टाकलास की त्याची नोंद त्या फाइलमध्ये आपोआप होते. तुझ्या वाचकांचं ॲप दर तासा-दोन तासांनी येतं, ती फाइल उघडून बघतं, नवीन असेल ते उचलून त्यांच्यापुढे ठेवतं. त्यालाच फीड म्हणतात. तू कुणाला पाठवत नाहीस. ते येऊन घेऊन जातात."

"मग?"

"मग फाइलमध्ये एक जरी चुकीचं चिन्ह आलं, तर अख्खी फाइल वाचता येत नाही. ॲप येतं, उघडत नाही म्हणून गुपचूप परत जातं आणि आधी उचलून ठेवलेलं जुनंच दाखवत राहतं."

"बोंब मारत नाही?"

"नाही ना. वाचणाऱ्याला वाटतं, यानं नवीन काही लिहिलंच नाही."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. ब्लॉगच्या नावाखाली एक ओळ होती, 'आवाज गेला म्हणजे बोलणं संपलं नाही.' भोंगाला ती हॉस्पिटलच्या पत्रकात सापडली होती. आवडली म्हणून त्यानं तशीच कॉपी करून लावली होती. त्या ओळीबरोबर एक न दिसणारं चिन्ह चिकटून आलं होतं. पानावर त्यानं काही बिघडत नव्हतं. फीडमध्ये मात्र ती ओळ सगळ्यात वर, प्रत्येक वेळी. वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळेच फीडवरून वाचणारे. थेट ब्लॉगवर कोण येतंय?

"कधीपासून?" भोंगानं विचारलं. यंत्राची बॅटरी उतरत आली होती, शब्द तुटत होते.

"तू ती ओळ लावलीस तेव्हापासून. एकोणसाठ लेख झाले."

भोंगानं यंत्र खाली ठेवलं. एकोणसाठ मंगळवार. काही वेळ त्याला त्या आकड्याचंच वाईट वाटत राहिलं. ताईनं येऊन यंत्र उचललं, "बॅटरी गेली वाटतं," म्हणत ते स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून आली. तेव्हा कुठे त्याला शाळेच्या बाई आठवल्या.

त्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. त्यांनी मेल केला होता. घशात तेच निघालं होतं, ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्यांनी फार नेटकेपणानं, आकडे टाकून प्रश्न विचारले होते. पुन्हा बोलता येईल का. किती दिवसांनी. खडूच्या धुळीचं काय करायचं. आणि शेवटी, मुलं हसतील का. भोंगाला त्या मेलनं इतका हुरूप आला की त्यानं उलट लिहिलं, 'बाई, याची उत्तरं एका मेलमध्ये मावणार नाहीत. तुमच्यासाठी दर मंगळवारी ब्लॉगवर सविस्तर लिहितो. बघत राहा.' आणि त्याच आठवड्यात, आता खास काहीतरी सुरू होतंय म्हणून, त्यानं ब्लॉगला ती ओळ लावली.

बाईंसाठी त्यानं सात लेख लिहिले. एक वर्गात कसं बोलायचं याच्यावर. एक नुसता मुलांवर. 'मुलं हसतील. दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना यंत्र स्वतःच्या गळ्याला लावून बघायचं असेल,' असं त्यात होतं. तो लेख लिहून झाल्यावर त्यानं ताईला वाचायला दिला होता, आणि ताई डोळे पुसत "द्वाड आहेस," म्हणाली होती.

बाईंचं उत्तर आलं नाही. पोचही नाही. दुसरा मेल करून विचारावं, असं त्याच्या खूपदा मनात आलं. पण मी का विचारू? मी एवढं लिहितोय, त्यांना दोन ओळी जड झाल्या? सत्तावीस वर्षं हजारो लोकांनी त्याचं ऐकून गाड्या पकडल्या होत्या, काचेकडे वळून कुणी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही. या वेळी वाटलं. चौथ्या महिन्यात त्यानं एक लेख लिहिला, 'शाळेच्या बाईंना, शेवटचं.' त्यात लिहिलं की लोकांना फुकट मिळालेल्याची किंमत नसते. की दोन शब्दांचं सौजन्य नसलेल्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना काय शिकवावं. की यापुढे मी कुणासाठी लिहिणार नाही, लिहीन ते माझ्यासाठी.

"झालं!" भाची म्हणाली. "सापडलं चिन्ह, काढलं. आता हे साठवलं की फीड चालू. तुझे एकोणसाठच्या एकोणसाठ लेख लोकांना एकदम दिसतील. बघ कशी धमाल उडते."

भोंगा उठला. त्याचा हात यंत्राकडे गेला. यंत्र तिथे नव्हतं. पाटी खिडकीत होती. त्यानं तोंड उघडलं, ओठ हलले, 'थांब' हा शब्द पूर्ण आकाराला आला आणि मानेच्या फडक्यातून नुसती हवा निघाली. भाची पाठमोरी होती. तो दोन पावलांत तिच्याजवळ पोहोचला, तिचा खांदा धरला.

तिनं बटण दाबलं होतं.

"अरे, काय झालं? घाबरलास का?"

त्यानं पाटी आणली. अक्षरं वेडीवाकडी आली. 'एक लेख काढायचाय. आधी.'

तिनं तो शोधून लगेच काढून टाकला. वाचला नाही, किंवा वाचला असला तरी तसं दाखवलं नाही. "दहा मिनिटं पण झाली नाहीत," ती म्हणाली. "ज्यांचं ॲप तेवढ्यात येऊन गेलं त्यांच्याकडे तो राहणार, ते काही परत घेता येत नाही. पण नसेल गेला रे. इतक्यात कोण येतंय."

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

पुढचे दोन दिवस मेल येत राहिले. 'अहो, तुम्ही आहात!' असा एक. 'आम्ही तुम्हाला मनातून केव्हाच पोहोचवून आलो होतो, माफ करा,' असा एक. कुणी नातू झाल्याचं कळवलं, कुणी नवीन यंत्र घेतल्याचं. ताईला तो एकेक मेल मोठी अक्षरं करून दाखवत होता. ताई हसत होती, मधेच विचारत होती, "आणि शाळेच्या बाईंचं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आलेला मेल बाईंच्याच पत्त्यावरून होता. ताई शेजारी गेली होती. भोंगानं उभ्या उभ्याच तो उघडला.

'नमस्कार. मी त्यांचा नवरा. तुमचे लेख आले म्हणून लिहितो आहे. त्यांना जाऊन आठ महिने झाले.

तुमचा मेल आला तेव्हा घरात पहिल्यांदा जरा बरं वातावरण झालं होतं. मंगळवारी शाळेतून आल्या की आधी फोन बघायच्या. पहिला मंगळवार गेला, दुसरा गेला. तुमचे जुने लेख त्यांना पाठ होते. म्हणायच्या, इतका नेमाचा माणूस उगाच थांबत नाही, त्यांचं दुखणं उलटलं असणार. मी म्हटलं, मेल करून विचारून घे. तर म्हणाल्या, आणि उत्तर आलं नाही तर? मीही जोर केला नाही.

मग ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. नंतर नकोच म्हणाल्या. आवाज गमावूनही माणूस राहत नसेल तर आवाज तरी राहू दे, असं म्हणाल्या. डॉक्टरांनी, मी, सगळ्यांनी सांगून बघितलं. जाण्याआधी दोन महिन्यांपर्यंत शिकवत होत्या.

परवा त्यांच्या फोनवर तुमचे एकोणसाठ लेख एकदम आले. त्यातले सात त्यांच्यासाठी आहेत. मुलांविषयीचा वाचला. शेवटचा म्हणून जो आहे तोही वाचला. तुम्हाला माहीत नव्हतं हे मला समजतं. त्यांनाही माहीत नव्हतं.

एक विनंती आहे. त्यांच्या फोनवर आता तुमचं काही येऊ नये. फोन मी चालू ठेवला आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांचे निरोप अजून येतात. तुमच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाका.'

भोंगानं मेल तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचताना तो एकाच वाक्यापाशी थांबत होता, आणि उत्तर आलं नाही तर. उत्तर त्याच दिवशी गेलं असतं. तासाभरात गेलं असतं. तिकडून दोन ओळी आल्या असत्या किंवा इकडून दोन ओळी गेल्या असत्या, तर त्या चिन्हाची मजाल काय होती? पण दोघंही आपापल्या खोलीत मंगळवार मोजत बसली. त्या घाबरल्या म्हणून, आणि हा रुसला म्हणून.

त्यानं माफी लिहायला घेतली. पानभर झाली. वाचून बघितली, तर त्यात 'मी' फार वेळा आला होता. पुसली. पुन्हा लिहिली, तांत्रिक बिघाड कसा झाला ते समजावून. तीही पुसली. त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती भोंगाच्या हातात नव्हती. त्याच्याकडे यादीच नव्हती. कोण येतं, कोण घेऊन जातं, याचा पत्ता त्याला कधीच नव्हता. नाव काढायचं तर ते तिकडूनच, त्या फोनवरूनच काढावं लागणार होतं. बाईंच्या नवऱ्यालाच.

त्यानं आपल्या फोनवर तेच ॲप उतरवून घेतलं आणि एकेक पायरी करून बघितली. मग लिहिलं.

'यादी माझ्याकडे नसते, म्हणून तुम्हालाच त्रास देतो आहे. ॲप उघडा. डाव्या बाजूला ब्लॉगांची नावं दिसतील. त्यात भोंगा बंद आहे या नावावर बोट दाबून धरा. खाली चार पर्याय येतील, त्यातला शेवटचा निवडा. खरंच काढायचं का, असं विचारेल. हो म्हणा. त्यानंतर काही येणार नाही. जे झालं त्याबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही.'

पाठवलं. मग तिथेच बसून राहिला. यंत्र टेबलावर होतं, पूर्ण चार्ज झालेलं. ते उचलून गळ्याला लावावं असं कुणी समोर नव्हतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. एकच शब्द होता. 'निघालं.'

ताई पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती. भावाला इतका वेळ पडद्याकडे बघत बसलेलं पाहून तिनं विचारलं, "कुणाचं रे?"

त्यानं पाटी घेतली. 'शाळेच्या बाईंच्या घरून,' असं लिहिलं आणि तिच्याकडे धरली.

"आलं शेवटी!" ताईचा चेहरा उजळला. "बऱ्या आहेत ना आता?"

भोंगानं पाटी खाली घेतली. ताई वर बघत होती, हातात एक मोजा धरून. त्यानं मान हलवली. हो.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. "एवढा जीव ओतून लिहायचास." आणि ती ढिगात दुसरा मोजा शोधायला लागली.