दोन किलोंची बरकत

त्या सकाळी तोझलू गावच्या चौकात जो तो कडेवर पिल्लू घेऊन उभा होता. पिल्लू म्हणजे काही मांजराचं नव्हे. कांगल जातीच्या कुत्र्याचं, चार-पाच महिन्यांचं, मागचे पाय मालकाच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारं धूड. लांडग्याची मानगूट धरून झटकणारी ही जात, आणि तिची पोरं घोंगड्यात गुंडाळून मिशाळ धनगर घामाघूम होऊन उभे! खाली ठेवायची कुणाची छाती नव्हती. गावात आलेल्या होजाचं, म्हणजे मंत्र फुंकणाऱ्या बुवाचं, फर्मानच होतं: पहाटे कोठीतून उचलायचं ते थेट काट्यावर न्यायचं. वाटेत पंजा मातीला लागला की रात्रभरची बरकत मातीत उतरते.

एल्मासचे हात भरून आले होते. तिचा बोरान कडेवर चुळबुळ करत होता आणि मान वळवून वळवून चौकातल्या वाहत्या नळाकडे बघत होता. नवऱ्यामागे कळप ती एकटी सांभाळायची. गेल्या हिवाळ्यात लांडग्यांनी तिचा म्हातारा कुत्रा फाडला, सोबत अकरा मेंढ्या नेल्या. आता वसंतात डोंगरावरच्या कुरणात जायचं तर बोरान तोवर मोठा व्हायला हवा होता. नाहीतर कळप विकून टाकण्यावाचून तिच्यापुढे वाट नव्हती.

अशा वेळी, तीन आठवड्यांपूर्वी, कुदरत होजा गावात अवतरला, तो एका जुन्या व्हॅनमधून. सोबत वासराएवढा कुत्रा आणि पोत्यांची चळत. त्यात पांढरं पीठ होतं, होजाने फुंकर मारलेलं. एका पिशवीला एक कोकरू, घासाघीस चालणार नाही. तीन आठवडे पीठ अंगात मुरू द्यायचं, मग एका रात्रीत बरकत. गावचे इमाम म्हणाले, "बाबांनो, मी वाचलेल्या एकाही किताबात असलं काही नाही." त्यावर लोकांनी ठरवलं की इमामसाहेबांच्या पोटात दुखतंय.

"हत्ती कधी मांस खातो का?" होजा नळाच्या ओट्यावर चढून विचारत होता.

"नाही!" चौक गरजला.

"मग तो एवढा कसा होतो?"

कुणालाच माहीत नव्हतं. तोझलूमध्ये हत्ती कुणी पाहिला होता!

"फुंकरीने! एक हत्ती माझ्या आजोबांच्या स्वप्नात आला, सोंड वर केली आणि आजोबांच्या कानात फुंकर मारली. तीच फुंकर आजोबांनी बापाला दिली, बापाने मला. कुत्र्याचं पिल्लू रात्रीत दोन किलो वाढतं, आणि विश्वास नसलेल्या माणसाचं वाढत नाही. चला, आणा पुढे!"

काटा अक्रोडाच्या झाडाला टांगला होता, आणि तो होजाचा नव्हता. मेंढ्यांचा व्यापारी हिदिर आगा खरेदीला आला होता, होजाने त्याचाच काटा मागून घेतला. तीस वर्षं गावच्या मेंढ्या ह्या काट्यावर तोलल्या गेल्या होत्या. हिदिर आगा बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. तो बाजूला स्टुलावर बसून चहाच्या पेल्यात साखर ढवळत होता.

एल्मासने बोरानला काट्याच्या झोळीत ठेवलं. काल संध्याकाळी पहिल्यांदा तोलला तेव्हा तो बावीस किलो भरला होता. काटा हलला, थरथरला आणि चोवीसावर थांबला.

"चोवीस!" होजा ओरडला. "बघा रे, बाईमाणसाचा विश्वास बघा!"

चौकात एकच गलका झाला. एल्मासचा थोरला दीर दुर्मुश डोळे पुसू लागला. त्याचं स्वतःचं पिल्लू मघाशी अडीच किलो वाढलं होतं. त्याच गलक्यात शुक्रान डॉक्टरीण गर्दी सारत पुढे आली. इझमीरकडची ही तरुण मुलगी वर्षभरापूर्वी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आली होती. मेंढ्यांना लस टोचायला म्हणून ती गावात आली, तर मेंढ्या गोठ्यात आणि मालक चौकात. झोळीतून लोंबणारे बोरानचे पुढचे पाय तिने हातात घेतले.

"एल्मासताई, मनगटं बघा कशी सुजलीत. पंजे बाहेर फाकलेत. काय घालता ह्याला?"

"सातूच्या पिठाची ताकातली पेज. आणि रात्री होजाचं पीठ, दोन वाडगे."

"आणि पाणी?"

"होजाने मंतरलेली बादली. सकाळपर्यंत रिकामी व्हायलाच हवी म्हणतात. होते पण."

"हाडांचा चुरा आहे हा," डॉक्टरीण पीठ चिमटीत चोळत म्हणाली. "ताई, मोठ्या जातीच्या पिल्लाला हाडांतला जास्तीचा चुना, म्हणजे कॅल्शियम, पचवून बाहेर टाकता येत नाही. तो हाडांत जातो आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. वर असं ठासून खाऊ घातलं तर कोवळ्या पायांना अंगाचं ओझं पेलत नाही. हे आज थांबवा, नाहीतर हा कुत्रा लंगडा होईल."

"लंगडा?" होजा कनवाळूपणे हसला. "पोरी, ते पाय बरकतीच्या भाराने वाकलेत. फळांनी लगडलेली फांदी वाकते का नाही?"

"वाकते!" चौक म्हणाला.

"मग जरा खाली ठेवू ह्याला, फिरू देऊ, आणि पुन्हा तोलू," डॉक्टरीण म्हणाली.

"अरे देवा! बरकत मातीत घालवणार!" आणि माणसं तिच्यावरच उखडली. शहरातली पोरगी, हिला पिल्लं काय ठाऊक, हिने कधी लांडगा बघितलाय का, अशी सरबत्ती सुरू झाली.

एल्मास मधल्यामध्ये अडकली होती. एकीकडे डॉक्टरीण सांगत होती थांब, दुसरीकडे काटा सांगत होता चोवीस. आणि काटा काही शहरातला नव्हता. तिने बोरानला झोळीतून पुन्हा कडेवर घेतलं. त्याने लगेच मान ताणली आणि नळाच्या धारेकडे जीभ काढली. हातपाय गारठवणारी सकाळ, रात्री बादलीभर पाणी प्यालेला जीव, आणि तहान अजून भागलेली नाही?

तिने बोट पिठात बुडवलं आणि जिभेला लावलं.

मीठ होतं. चिमूटभर नाही, मुबलक, हाडांच्या चुऱ्यात बेमालूम मिसळलेलं.

एल्मासच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ तिला घामही फुटला. कारण ही युक्ती तिला पाठ होती. हिदिर आगा यायच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा मेंढ्यांना मीठ चाटवायचा, मग पोटभर पाणी. सकाळी मूत सोडायच्या आत काट्यावर! नवऱ्यामागे ती स्वतः तेच करत आली होती. दुर्मुश करायचा, त्याचा बाप करायचा, अख्खं तोझलू करायचं. ती दोन किलोंची बरकत अशीच वाढली होती.

तिने वर पाहिलं. तिचं बोट जिभेला लागलेलं साऱ्या धनगरांनी पाहिलं होतं, आणि चोराच्या वाटा चोराला बरोबर कळतात. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदमच उजाडलं आणि सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. कारण ओरडायचं तर काय ओरडायचं? "हा मिठाचा डाव आहे, आम्हाला ठाऊक आहे"? तुम्हाला कसा ठाऊक, हे विचारायला हिदिर आगा चार हातांवर बसला होता! सारा चौक अळीमिळी गुपचिळी.

"काय झालं, ताई?" डॉक्टरिणीने विचारलं.

"काही नाही," एल्मास म्हणाली. दुर्मुशने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात तिच्या हातांनी दगा दिला. बोरान घसरत खाली गेला आणि जमिनीवर टेकताच कळवळून ओरडला. उभं राहायला पाहतो तर पुढचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकत चाललेले. त्याने एल्मासकडे बघून शेपूट हलवली. तिचा जीव तिळतिळ तुटला. ह्या मुक्या जनावराला आपण हाताने भरवून पांगळं करतोय आणि आता तोंड मिटून उभे आहोत, ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

"मीठ आहे!" ती ओरडली. "पिठात मीठ घातलंय ह्याने! पोर रात्रभर पाणी पितं आणि सकाळी आपण ते पाणी तोलतो. मला कसं ठाऊक? मी मेंढ्यांना हेच करते, हिदिर आगा! दरवर्षी करते. आणि मी एकटी नाही करत!"

"एल्मास!" दुर्मुश किंचाळला.

पुढचा पुरावा बोरानने दिला. तो होजाच्या जोड्यांपाशी फेंगडे पाय टाकून बसला आणि मोकळा झाला. होत राहिला. चौक श्वास रोखून बघत होता. धार संपेचना. ओघळ दगडांमधून वाट काढत चहाखान्याच्या पायरीपर्यंत पोचला तेव्हा कुठे ती आटली. डॉक्टरिणीने पिल्लू उचलून झोळीत ठेवलं. बावीस आणि वर थोडं.

"ही वाहून गेली तुमची बरकत," ती म्हणाली.

मग जणू इशारा मिळाला. अवघडलेल्या धनगरांनी आपापली पिल्लं धपाधप खाली ठेवली आणि सगळ्या पिल्लांना एकदमच मोकळं व्हायचं होतं. होजा जोडे हातात घेऊन ओट्यावर चढला, तिथून व्हॅनच्या टपावर. "अविश्वास! अविश्वासाने आटली!" तो ओरडत होता. "आटली कुठे, चांगली वाहतेय," इमाम म्हणाले. कोकरं मागच्या दाराने उतरवून घेईपर्यंत व्हॅनला जाऊ दिलं नाही.

आता सगळे भीतभीत हिदिर आगाकडे वळले. त्याने शांतपणे चहा संपवला.

"तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "दर मेंढीमागे मी दोन किलो पाणी कापूनच भाव देतो. मला काय दुधखुळा समजलात? मेंढी दिसली की मी आधी विचारतो, हिला काय पाजलंय? तुम्ही इतके बेरकी लोक, होजाला एवढं एक विचारता आलं नाही?"

 हसण्याचा धीर पहिल्यांदा दुर्मुशनेच केला, तोही कसानुसा.

एल्मास मात्र हसत नव्हती. "तो बरा होईल का?" तिने डॉक्टरिणीला विचारलं.

"वेळेत सापडलाय. खाणं मोजून, दिवसातून तीनदा, मोठ्या जातीच्या पिल्लांचं म्हणून मिळतं तेच. नुसत्या पेजेवर भागत नाही, आणि वरून हाडांचा चुरा तर मुळीच नको. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. सावकाश वाढू दे. पण ताई, वसंतात हा डोंगरावर जाणार नाही. पुरा व्हायला त्याला दीड वर्ष लागेल."

"मग माझा कळप?"

डॉक्टरिणीकडे ह्यावर पीठ नव्हतं, फुंकर नव्हती.  दुर्मुश घसा खाकरत पुढे आला. "उन्हाळाभर आमच्या कळपात घाल तुझ्या मेंढ्या. माझे दोन कुत्रे आहेत. पण पुन्हा चारचौघांत असं खरं बोलत जाऊ नकोस बाई, धंदा बसेल आमचा."

हे तीन वाक्यांत सुटलं. आधीच विचारलं असतं तर आधीच सुटलं असतं. पण एल्मासला दीड वर्ष थांबायचं नव्हतं, म्हणून तिने एका रात्रीवर विश्वास ठेवला, आणि अशाच माणसांच्या गावात कुदरत होजाची व्हॅन थांबते. त्याला हत्ती लागत नाही, फुंकर लागत नाही. आपली घाई त्याला पुरते.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. खुशाल करा नमस्कार. फक्त हात जोडण्याआधी चमत्काराला घटकाभर खाली ठेवा, मोकळा होऊ द्या, आणि मग पुन्हा तोलून बघा.