गजेंद्राची घागर

वरूडचे भगवंतराव संत्र्याच्या सौद्यात भल्याभल्यांना पाणी पाजत, पण नात वर्षालीच्या सोयरिकीत त्यांचीच गाडी अडली. मुलगा रोहित अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचा. पोरांची मनं जुळलेली. बोलणीत कूळ विचारलं गेलं, आणि ते भगवंतरावांनाच ठाऊक नव्हतं. त्यांचे आजोबा पंजाबराव तरणेपणी अकोल्याकडून एकटेच आले, एवढंच घरात ठाऊक. भाऊबंद विचारले की म्हातारा विडी पेटवी. नाव तरी खरं की घेतलेलं, देव जाणे.

त्या भागातलं जुनं माणूस म्हणून भगवंतराव रोहितच्या पणजीकडे, रुख्मिणीबाईंकडे आले. तिनं भलतंच सांगितलं. तिचे चुलतसासरे असेच घर सोडून गेले होते. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी दर्भाचा पुतळा जाळला, दिवस केले. तेव्हापासून दर अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांबरोबर त्यांचीही घागर भरतात. सासऱ्याचं नाव म्हातारी घेईना. ते रोहितनं सांगितलं, गजेंद्र.

भगवंतरावांचं डोकं भणभणलं. पंजाबराव म्हणजे तोच निघाला तर पोरं एका कुळातली, लग्न मोडलंच. पण म्हातारीच्या ऐकिवात गजेंद्र गोरा, पंजाबराव काळे. मात्र वरूडच्या उन्हात गोरा राहतो कोण? गजेंद्राला भजनाचा नाद, पंजाबराव देवळाकडे फिरकत नसत. घडीत वाटे तोच, घडीत वाटे छे.

"एका अखाजीले ते गावात आले होते म्हन्तेत," रुख्मिणीबाई म्हणाली. "आपल्याच नावाची घागर पाहून दारातूनच मांगं फिरले. तवापासून अखाजीले कुठंही असले तरी घास उतरत नसंन त्यायले."

भगवंतरावांना आठवलं. अखाजीला अख्खं घर पुरणपोळीवर तुटून पडे आणि पंजाबराव पान सारून म्हणत, आज माझं जेवण झालं. लहानग्या भगवंताला वाटे, आजा चोरून खाऊन आला.

म्हातारीनं रोहितकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमचे आजोबा जेवत होते ना, भाऊ, अखाजीले?"

ती विचारत होती की पढवत होती, त्यांना कळेना. वर्षालीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"जेवत होते. पोटभर."

"मंग ते आमचे नाही. बस झालं." तिनं रोहितला गूळ आणायला लावला.

भगवंतरावांनी खडा तोंडात टाकला. या घरात आजोबांचे दिवस आज दुसऱ्यांदा झाले, आणि ते आपण केले, एवढंच त्यांना कळत होतं. गूळ काही गिळवेना.