पिशवीत मावणारा कॉम्प्युटर

गेमिंग कॉम्प्युटर हवा होता लेकीला. तो पिशवीत मावला पाहिजे, हा हट्ट मात्र बापाचा. घटस्फोटाला आठ महिने झाले होते. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाच्या भाड्याच्या खोलीवर, अशी पंधरा वर्षांच्या पोरीची वाटणी झाली होती. अशा वाटणीला दोन सह्या पुरतात. पण गेले दोन महिने बापाच्या वाट्याचे आठवडे आखडत चालले होते. कधी परीक्षा, कधी मैत्रीण, कधी नुसतंच ‘पुढच्या वेळी नक्की’. खोलीवर पोरीला करमायला काही नाही म्हणून ती येत नाही, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं. कॉम्प्युटर तिच्या पाठीवरून येईल-जाईल, म्हणजे तीही येईल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

म्हणून त्याने टेप घेऊन लेकीची सॅक आतून मोजली आणि ते आकडे कागदावर लिहून तिच्यासोबत दुकानात आला. आधी पिशवी मोजून मग कॉम्प्युटर शोधणारं गिऱ्हाईक दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

“मूर्ती लहान पण कीर्ती महान हवी म्हणा की!” दुकानदार हसला. मग त्याने काउंटरवर दोन कॅबिनेट शेजारी शेजारी ठेवली. “हे बघा, लहान डब्याला मदरबोर्ड लहान लागतो, पॉवर सप्लायही लहान. दोन्ही महाग. मग ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत, आणि उरले तरी लांब कार्ड यात शिरत नाही. तेवढ्याच पैशात हा मोठा डबा घ्या, दुप्पट दमाचं कार्ड बसेल.”

“लहानच द्या,” बाप म्हणाला.

“अहो, नाकापेक्षा मोती जड होतोय.”

“होऊ दे. डिस्क अर्धी करा. रॅम पण एकच पट्टी द्या, नंतर वाढवू.”

“बाबा, एक पट्टी नको,” लेक म्हणाली. “आठ जीबीच्या दोन लावल्या की गेम नीट पळतो. प्रोसेसर हवा तर स्वस्तातला घे, चालेल.”

तिला सगळं तोंडपाठ होतं. त्याने मान हलवली. हल्ली तो सगळ्यालाच मान हलवत असे. वकील बोलला तेव्हाही हलवली होती, नवा घरमालक बोलला तेव्हाही.

लेक काउंटरवरचं एक जुनं स्टिकर नखाने खरवडत होती. “मोठाच घेऊ या ना,” ती म्हणाली.

“अगं, मग उचलून आणशील कसा?”

“उचलायचा नाहीये.” तिने वर पाहिलं नाही. “मी आईकडेच राहणार आहे, बाबा. केव्हाचं सांगायचं होतं तुला. रविवारी येईन ना मी. जेवायला वगैरे.”

दुकानदार शहाणा माणूस. त्याने स्वच्छ कीबोर्ड पुन्हा पुसायला घेतला.

आता आपल्याला वाईट वाटेल, म्हणून बाप थांबून राहिला. काहीच वाटलं नाही. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसा तो आतून झाला होता. मोठा डबा म्हणजे आता लांब कार्ड बसेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

“मग ते लांबवालं कार्ड द्या,” तो म्हणाला. “आणि रॅमच्या दोन पट्ट्या.”

पुढची यादी पाच मिनिटांत झाली. आता कशातच काही मावायची गरज नव्हती. दुकानदाराने काहीतरी विनोद केला आणि बाप हसलासुद्धा.

“जोडून, तपासून घरपोच करतो. पत्ता सांगा.”

त्याने एका दमात सांगितला. सोळा वर्षं तो त्याचाच पत्ता होता. “तिसरा मजला,” तो पुढे म्हणाला, “आणि तुमच्या माणसाला सांगा, बेल जोरात दाबून धर. नुसती दाबली तर वाजत नाही. दुरुस्त करायची राहूनच गेलीय.”

दुकानदाराने तेही लिहून घेतलं.

“वाजते आता,” लेक हळूच म्हणाली. “आईने नवीन बसवली, बाबा. केव्हाच.”

इतका वेळ काही न वाटलेल्या माणसाला ते मात्र लागलं. “मग तेवढं खोडा,” तो दुकानदाराला म्हणाला.