गुणीच्या जबड्याची दोरी

आमच्या खेळाच्या जाहिरातीवर तळाशी बारीक टायपात एक ओळ छापलेली असे: ‘या खेळातील सर्व पात्रे काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.’ मित्रांनो, ते काल्पनिक पात्र म्हणजे मी. मी एक जुनी लाकडी कळसूत्री बाहुली आहे, माझे नाव गुणी. आणि त्या छापील ओळीतला एकही शब्द तपासणीत टिकत नाही.

खेळ करणाऱ्या बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरले, तेव्हा समोरच्या स्टुलावर त्यांची सात वर्षांची लेक बसवलेली होती. ‘हलू नकोस, नाक बिघडेल,’ असे त्या तिला बजावत. नाक तिचे, हनुवटीवरची खळी तिची, वेणी तिच्याच कापलेल्या केसांची. तिचा पुढचा दात तेव्हा पडलेला होता, म्हणून मलाही तो नाही. लेकीला यथाकाल नवा दात आला. मला आला नाही. योगायोग इतका काटेकोर असतो, हे मला त्या जाहिरातीवरूनच कळले.

खेळात मी आज्ञाधारक कन्या. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी आईच्या बाहुलीपुढे मान लववून मी म्हणायचे, ‘आई, तू म्हणशील तसं!’ आवाज बाईंचा, कारण सगळ्याच बाहुल्यांचे आवाज त्या काढत. माझ्या दोऱ्या मात्र आता मोठी झालेली लेक ओढी. टाळ्या पडत, वर्तमानपत्रे माझे गोडवे गात, आणि शिक्षा लेक भोगी. दुकानदार पाव देताना विचारी, ‘काय गं गुणी, आईला विचारून आलीस ना?’ तिने केस आखूड केले, तर शेजारीण हळहळली, ‘अगं, गुणीची वेणी कशी गं कापवली तुला!’ तिचे स्वतःचे नाव वापराविना गंजत पडले होते.

‘आई, मी अशी बोलत नाही. कधीच बोलले नाही,’ ती तणतणे.

बाई ब्रश धूत म्हणत, ‘ती तू कुठं आहेस? ती बाहुली आहे.’

‘मग तिचं मी बोलते. नाहीतर दोऱ्या तू ओढ.’

‘खेळ असाच चालतो, बाळा.’

लेकीने दोऱ्या सोडल्या. अख्खा हंगाम मी खिळ्याला लटकले. माझ्या कोपरात एका कोळ्याने संसार थाटला. माझ्याविना प्रेक्षक घटू लागले, तेव्हा बाईंनी लेकीची मनधरणी केली. ती आली, तिने मला तेल लावून पुसले आणि दोऱ्या हाती घेतल्या.

पहिला प्रवेश संपत आला. पडद्यामागून बाई माझ्या आवाजात म्हणाल्या, ‘आई, तू म्हणशील तसं!’ माझा जबडा मिटलेलाच राहिला. त्याची दोरी लेकीने ओढलीच नव्हती.

‘ती नाही बोलली!’ पुढच्या रांगेतली पोरे ओरडली. बाईंनी वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटले. तोंड बंद. सभागृहात खसखस पिकली. शेवटी बाईंनी आईच्या बाहुलीकडून दटावले, ‘बोल की गं, दातखीळ बसली का?’

तेव्हा माझे तोंड उघडले, आणि त्यातून प्रथमच लेकीचा आवाज आला: ‘आई, तू जरा श्वास घे. तोवर मी बोलते. मला सकाळी लवकर उठायला आवडत नाही. मला केस आखूड आवडतात. आणि मला तू आवडतेस, पण रोज नाही.’

छप्पर उडेल असे हसू उसळले. त्यात सर्वांत मोठे हसू पडद्यामागचे होते. हसता हसता बाईंच्या हातातल्या दोऱ्यांचा पार गुंता झाला. त्या दिवसापासून माझे बोलणे लेक बोलते, आणि ते दर खेळाला निराळे असते.

मित्रांनो, लाकडी बाहुलीला ओलीपासून जपावे, तिच्या सांध्यांना तेल द्यावे आणि तिच्या तोंडी हवे ते घालावे. आमचा जन्मच त्यासाठी आहे. हाडामांसाच्या माणसाला मात्र आधी विचारावे.

त्या खेळानंतर कुणीतरी बाईंना विचारले, गुणी नक्की कोणावरून केली? लेक शेजारीच उभी होती. बाईंचे उत्तर मी शब्दशः देते:

‘हिच्यावरूनच केली. ही सारखी उलट बोलायची ना, म्हणून मला एक न भांडणारी हवी होती. पण खरं सांगू? गुणी पुढं काय बोलणार, ते आज मला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. आणि इतकी मजा मला या खेळात कधी आली नव्हती!’